पारास्कीवाच्या नावाचा बाक

सूप संपत आलं होतं आणि अजून कोणी काही बोललं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या लहानशा टेबलाच्या तीन बाजूंना आम्ही तिघे बसलो होतो. चौथी बाजू भिंतीला टेकलेली होती, आणि आमच्यात त्या क्षणी सर्वांत मनमोकळी वाटत होती ती भिंतच.

माझ्या सासऱ्यांनी, गेरासिम यांनी, पावाचा तुकडा वाडग्याच्या तळाशी फिरवला, तोंडात टाकला आणि खिडकीतून समोरच्या इमारतीकडे असं पाहिलं, की जणू ती इमारत नुकतीच त्यांच्या घराण्याविषयी काहीतरी वावगं बोलली आहे. सासूबाई पारास्कीवा गेल्यावर, ईस्टरच्या सुमारास, आम्ही त्यांना गावाहून बुखारेस्टला आणलं. तेव्हापासून ते असेच पाहत होते आणि बोलत नव्हते. आजारी नव्हते. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले आणि सांगितलं, की यंत्रणा उत्तम आहे, फक्त मालकाची इच्छा नाही.

मी साहित्याचा पदवीधर आहे. शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरतो, पण मनाने अजून कवितेच्या तासाला बसलेला असतो. त्यामुळे मौनाविषयी मला आदर आहे. दोन कडव्यांमधल्या कोऱ्या जागेत जे मौन असतं, त्यावर मी तरुणपणी एक दीर्घ निबंधही लिहिला होता. पण सूप पिणाऱ्या सासऱ्याचं मौन ही निराळी जात आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना कविता नसते. एका बाजूला जावई असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याची बायको.

"बाबा, मीठ बरोबर आहे ना?" स्मारांदाने विचारलं.

बाबांनी वाडगा पुढे सरकवला, उठले आणि आपल्या खोलीत गेले. जाताना त्यांचा पाय दाराआडच्या पेटीला लागला. ती पेटी आल्या दिवसापासून तिथेच होती, सुतळीने करकचून बांधलेली. तिची गाठ त्यांनी सोडली नव्हती आणि आम्हालाही सोडू दिली नव्हती.

स्मारांदाने पळी खाली ठेवली. औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांचे खोकले ऐकून आल्यामुळे तिच्या बोलण्याला एक नेमका डोस असतो. "सेंट दुमित्रूच्या सणापर्यंत," ती म्हणाली.

"काय सणापर्यंत?"

"तोपर्यंत बाबा बोलते झाले नाहीत, इथे रुळले नाहीत, तर मी त्यांना घेऊन गावी जाते. आणि तिथेच राहते. औषधांची दुकानं गावातही असतात."

"आणि मी?"

"तू मुद्रितं तपास. त्यांना उत्तर द्यावं लागत नाही."

ऑक्टोबरच्या अखेरीस, दुमित्रूच्या सणाला, आमच्याकडे मेंढपाळांचा करार संपतो, भाडेकरू घर बदलतात. बायकोने आमचा संसारही त्याच तारखेच्या खुंटीला टांगावा, यात मला एक भयंकर औचित्य दिसलं, आणि त्या रात्री मी निर्धार केला. कशाचा, ते अजून ठरलं नव्हतं. पण निर्धार पक्का होता.

शोध लागला तो ट्रामच्या कृपेने. एका संध्याकाळी तिची तार तुटली, चालकाने दारं उघडली आणि पिशवीतून खारी कडबोळी काढून तो अशा शांतपणे खाऊ लागला, की प्रश्न विचारणं असभ्यपणाचं ठरलं असतं. मी पायी निघालो. फरशांची दुकानं, मोटारी धुण्याचं केंद्र, गाद्यांचं गोदाम, आणि या सगळ्यांवर पसरलेला हॉर्नचा अखंड विलाप. गोदामाच्या मागे सिमेंटचं कुंपण होतं आणि त्यातली एक फळी पडलेली होती. मी डोकावलो, आणि शहर संपलं.

समोर तळं होतं. काठावर रूपेरी पानांचे चिनार उभे होते, बोरूच्या बनातून पाणकोंबड्या निघत होत्या आणि पुन्हा त्यातच विरत होत्या. एकेकाळी हे कुणाचं तरी उद्यान असावं: गंजलेला कठडा होता, गवताने फोडलेली पायवाट होती, आणि काही दगडी पायऱ्या कोणालाही न सांगता थेट पाण्यात उतरल्या होत्या. कुंपणापलीकडे हॉर्न वाजतच होते, पण शेजारच्या घरात भांडण चालावं तसे; ऐकू येत होते, पण मिटवण्याची जबाबदारी माझी नव्हती. तिथे उभ्या उभ्या मी एक ओळ रचली. ती इथे देत नाही. पुढे जे घडलं त्यानंतर ती ओळ मला तोंड दाखवत नाही.

पाहता पाहता मी निदान केलं. बाबांना शहराच्या गोंगाटाने मुकं केलं होतं. शांतता मिळाली, की वाचा फुटेल. हे निदान इतकं सुंदर होतं, की ते बरोबर आहे का, हे तपासावं असं मला वाटलंच नाही.

रविवारी मी त्यांना तिथे नेलं. बिअरच्या बाटल्यांचं एक प्लास्टिकचं खोकं पालथं घालून बसवलं. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हं."

मी जवळजवळ धावतच घरी आलो. "बोलले!"

"काय बोलले?" स्मारांदाच्या हातातली बशी तशीच राहिली.

"'हं' म्हणाले. पण त्या 'हं'मध्ये एक स्वीकार होता. एक प्रकारचं..."

"ओक्ताव, 'हं' ते बैलालाही म्हणायचे."

मी पुढचं सांगितलं नाही: की त्या उद्गारानंतर खोकं फुटलं, बाबा गवतात बसले ते जरा अनपेक्षितपणे, आणि परतताना आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवून त्यांनी माझ्याकडे असा एक दृष्टिक्षेप टाकला, की त्याचा अनुवाद करण्याची गरज नव्हती. पुन्हा चला म्हटलं, की ते तेच बोट आणि तोच गुडघा दाखवत. म्हणजे एका बाजूला दुमित्रू, दुसऱ्या बाजूला तळं, आणि मध्ये उणीव फक्त एका बाकाची. निर्धाराला आता विषय मिळाला.

आमच्या इमारतीचे व्यवस्थापक पिर्वू तळघरात, पाण्याच्या नळांच्या सहवासात बसतात. नळ गळू लागले तर ते भांडं ठेवतात, माणूस तक्रार करू लागला तर खुर्ची देतात. त्यांनी माझं म्हणणं डोळे मिटून ऐकलं.

"मास्तर, सार्वजनिक जागेत स्वतःचा बाक ठेवणं हा गुन्हा आहे. तिथला बाक उचलून आणणं हा वेगळा गुन्हा आहे. मी दोन्हींच्या विरुद्ध आहे." मग डोळे उघडून त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री दूर केली. खाली ओकच्या लाकडाचा एक लांबलचक, गंभीर बाक होता. "बंद पडलेल्या एका स्टेशनातून आला."

"आला म्हणजे?"

"चालत नाही आला. घेऊन जा, मला जागा हवीय. पण आधी परवानगी काढा. नाहीतर पालिकेचे पहारेकरी बाक नेतील, आणि तो कुठून आला असं विचारतील, आणि मग मलाही आठवावं लागेल."

परवानगीसाठी मी उद्यानांच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागे एफ्तिमियाबाई होत्या. केस नुकतेच सेट केलेले, आणि चेहराही.

"ते उद्यान नाही," त्या म्हणाल्या. "तो तळ्याचा काठ आहे. पाण्याच्या खात्यात जा."

पाण्याच्या खात्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचा बाक ओला असणार का?"

"नाही. कोरडा."

"मग आमचा नाही. ओलं तेवढं आमचं."

"आणि त्याचे दोन पाय पाण्यात ठेवले तर?"

त्यांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. "मग ती नौका. नौकांची खिडकी शेजारी."

मी पुन्हा एफ्तिमियाबाईंकडे आलो. पुन्हा, आणि पुन्हा. दर वेळी त्या विचारत, "नाव?" पहिल्यांदा मी माझं सांगितलं. "बसणार कोण?" सासरे. "मग त्यांचं सांगा. गावचे आहेत ना? मग बायकोचंही सांगा. गावाकडे घर, विहीर, शेत, सगळ्यावर जोडप्याची नावं एकत्र असतात. एकच सांगितलं, की पुढे अडतं." त्यामुळे कोणत्याही खिडकीत "नाव?" असा आवाज आला, की माझ्या तोंडून आपोआप निघू लागलं: "गेरासिम आणि पारास्कीवा." मला वाटतं, त्या दिवसांत झोपेत कोणी हलवलं असतं तरी मी हेच उत्तर दिलं असतं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी वाचकाला नम्र विनंती. मी ठेवली नाही.

अखेर एका दुपारी एफ्तिमियाबाईंनी काच अर्धी ओढून घेतली आणि खासगी आवाजात म्हणाल्या, "हे बघा, जिवंत माणसाच्या बाकासाठी आमच्याकडे सोयच नाही."

हे वाक्य मनात घोळवत मी घरी येत होतो, तेव्हा तळमजल्याच्या खिडकीतून हाक आली. आग्लायाबाई तिथे चौकटीवर उशी ठेवून, उशीवर कोपरं ठेवून, दिवसभर रस्त्याचं परीक्षण करतात. त्यांना माझ्या सगळ्या फेऱ्या ठाऊक होत्या. एफ्तिमियाबाईंचं आजचं वाक्यही मी त्यांना सांगून टाकलं.

"मास्तर, एवढे शिकलात आणि दारोदार हिंडताय! तिने तुम्हाला वाट दाखवलीय की. जिवंताची सोय नाही म्हणाली ना? मग मेलेल्याच्या नावाने दान द्या. पोमाना द्या!"

"बाक? पोमाना म्हणून?"

"का नाही? लोक विहिरी देतात, पूल देतात. पारास्कीवाच्या आत्म्यासाठी बाक द्या. मेलेल्याच्या नावाने दिलेल्या वस्तूला कुठला पहारेकरी हात लावतो? टोपी काढेल, 'बोग्दाप्रोस्ते', देव तिला क्षमा करो, असं म्हणेल आणि मुकाट्याने बसेल. आणि इथे कोणी ते म्हणून बसलं, की तिकडे तिला बसायला मिळतं. बिचारी जन्मभर उभी होती चुलीपाशी."

युक्ती निर्दोष होती. तरी मी सावधपणे म्हणालो, "गुपचूप देता येईल ना? जागा जरा शांत आहे. मला ती तशीच..."

"गुपचूप?" उशीवरची कोपरं उचलली गेली. "चोरून दिलेलं तिकडे पोचतं होय? पाद्रीबाबा हवेत, कोलिवा हवी, वाईन हवी, माणसं हवीत. कोलिवा मी करते. तुम्ही गहू आणा, अक्रोड आणा, आणि मध्ये मध्ये लुडबुड करू नका."

बाक तळ्यापर्यंत नेण्याचा प्रसंग मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात माझ्या प्रतिष्ठेचा फारसा भाग उरला नाही. पुढून पिर्वू, मागून मी, आणि मध्ये बंद पडलेल्या रेल्वेचं सगळं वजन. सिग्नलपाशी आम्ही बाक टेकवला. तेवढ्यात पिशवीतून कांद्याची पात डोकावणाऱ्या एक आजी आल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "देवाची कृपा! किती वर्षं मागतेय इथे बाक."

"आजी, हा बाक इथला नाही. आम्ही तो नेतोय."

"आज ठेवला आणि आजच नेताय? म्हणूनच हा देश असा आहे."

मी त्यांना समजावलं. त्यांनी मला समजावलं. ट्रामच्या थांब्यावरचे आणखी तिघे त्यांच्या बाजूने येऊन बसले आणि माझ्याविरुद्ध साक्ष देऊ लागले. ट्राम येईपर्यंत आम्ही दोघे त्या चौघांसमोर आरोपींसारखे उभे होतो. पिर्वू माझ्या कानात पुटपुटले, "मास्तर, इथेच ठेवू या का? लोकांना गरज आहे." मी दात आवळले. निर्धार, म्हणालो, निर्धार.

विधीच्या दिवशी तळ्याकाठी अख्खी इमारत लोटली होती. मी मनात ज्या जागेला नाव द्यायलाही धजावलो नव्हतो, तिथे आता लोक एकमेकांना "इकडे, इकडे, फळीतून वाका!" असं ओरडून सांगत होते. एफ्तिमियाबाईही आल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं, हे मला आजवर कळलेलं नाही. आग्लायाबाईंनी केलेली कोलिवा बाकावर ठेवली होती: उकडलेल्या गव्हाचा तो गोड डोंगर, वर पिठीसाखरेचं बर्फ, त्यावर कोकोचा क्रूस. बाबा काळा कोट घालून, टोपी हातात धरून उभे होते, गप्प. मी ठरवलं होतं, की विधी संपला, माणसं पांगली, की आम्ही दोघे इथे बसू. तळं, संध्याकाळ, आणि मग हळूहळू पहिला शब्द.

पाद्रीबाबा विसारिओन धापा टाकत आले. त्यांना पुढे एका नव्या घराचा आशीर्वाद होता आणि त्याआधी एक बाप्तिस्मा. धूपदान हलवत, माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "नाव?"

"गेरासिम आणि पारास्कीवा," मी म्हणालो. इतक्या तत्परतेने, की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

प्रार्थना सुरू झाली. विसारिओनबाबांचा आवाज खोल होता, पाण्यावरून तो पलीकडच्या काठाला जाऊन परत येत होता, आणि मी डोळे मिटून त्या प्रतिध्वनीच्या छंदाचा विचार करत होतो. मग अनंत स्मरणाचं गाणं आलं. तेव्हा सगळ्यांनी कोलिवाचं ताट धरून, गाण्याच्या ठेक्यावर वर-खाली झुलवायचं असतं. ज्यांचा हात पोचत नाही त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हणजे सगळी माणसं मिळून एकच हात होतात. विधुर म्हणून ताटाची पुढची कड बाबांच्या हातात होती. त्यांच्या शेजारी मी, माझ्या खांद्यावर स्मारांदाचा हात, तिच्यामागे उरलेली इमारत.

"तुझे सेवक गेरासिम आणि पारास्कीवा," विसारिओनबाबा गात होते, "यांना, हे प्रभो, जिथे दुःख नाही आणि उसासा नाही..."

ताट वर गेलं. खाली आलं. माझ्या खांद्यावरच्या हाताची नखं हळूहळू माझ्या मांसात शिरू लागली. मला वाटलं, शोक.

"...गेरासिम आणि पारास्कीवा यांचं स्मरण अनंत असो!"

ताट वर गेलं आणि खाली आलंच नाही. पुढची कड धरलेल्या दोन जाड हातांनी ते हवेतच थोपवलं होतं. मागच्या रांगेला हे कळायला वेळ लागला. ती झुलतच राहिली, आणि माणसांच्या त्या एका हातातून एक लाट निघून थेट माझ्या पाठीवर येऊन आपटली.

"पाद्रीबाबा," एक घोगरा, गंज चढलेला आवाज आला. "तुम्ही मला पुरताय, ते ठीक आहे. पण मग हे ताट धरून उभं कोण आहे?"

बोरूच्या बनात एक पाणकोंबडी ओरडली.

"आपण कोण?" विसारिओनबाबांनी विचारलं.

"गेरासिम."

"आणि पारास्कीवा?"

"ती गेली. तिचं म्हणा, सावकाश म्हणा. माझं जरा राहू द्या." मग ते वळले. ईस्टरपासून मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो हाच: माझे सासरे माझ्याकडे पाहून माझ्याशी बोलणार होते. "जावईबापू," ते म्हणाले, "एवढी घाई होती?"

त्यानंतर जे हसू फुटलं त्याचं वर्णन करण्याची माझ्यावर सक्ती नाही. स्मारांदा हसत होती आणि रडत होती आणि माझ्या पाठीवर गुद्दे मारत होती. आग्लायाबाईंनी जाहीर केलं, की जिवंतपणी ज्याचं स्मरण गायलं जातं त्याचं आयुष्य वाढतं, त्यांच्या मावसआजोबांचं वाढलं होतं, ते शेवटी कंटाळून गेले. पिर्वूंना शंका आली, की मग तिकडे बाकाचा अर्धा भाग आजपासून रिकामा राखून ठेवलेला असणार का. विसारिओनबाबांनी घड्याळाकडे पाहत निकाल दिला, "देव म्हणजे काही खिडकीतला कारकून नाही. कोण पोचलंय आणि कोण नाही, त्याला कळतं."

"हे मला उद्देशून होतं का?" कोलिवाने भरलेल्या तोंडाने एफ्तिमियाबाईंनी विचारलं.

त्या संध्याकाळी पुन्हा सूप होतं. बाबांनी पहिला चमचा घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे. ईस्टरपासून कमी आहे."

स्मारांदाने मिठाची बरणीच त्यांच्यापुढे ठेवली आणि पाठ फिरवून डोळे पुसले. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराआडच्या पेटीकडे. "बोलले. पण राहतात का, ते दुमित्रूला बघू. सुतळी अजून बांधलेलीच आहे."

म्हणजे लढाई अर्धीच जिंकलेली होती, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी माझ्यापाशी ते तळं होतं. असं मला वाटत होतं. पुढच्याच आठवड्यात, एक चांगलं पुस्तक काखेत मारून, मी फळीतून वाकलो आणि वाकलेल्या स्थितीतच थांबलो.

बाकावर पिर्वू सोंगट्यांचा पट मांडून बसले होते. आग्लायाबाई उशीसकट आल्या होत्या आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पाणकोंबड्यांच्या दिशेने उडवत होत्या. कोणीतरी शेगडी पेटवून कबाब भाजत होतं, त्याचा धूर चिनारांच्या रूपेरी पानांत अडकून बसला होता. आणि मधोमध माझे सासरे, पाठीला झुकाव नाही, चेहऱ्यावर रंग चढलेला, आपल्या अंत्यविधीची कथा सांगत होते.

ही कथा नंतर मी वारंवार ऐकली. ती दर खेपेला वाढत गेली, आणि त्याच प्रमाणात मी घटत गेलो. सुरुवातीच्या आवृत्तीत जावई गोंधळलेला होता. मग तो प्यायलेला झाला. मग विसारिओनबाबा विचारतात, "नक्की मेलेत का हो?" आणि जावई म्हणतो, "आज नाही तर उद्या." शेवटच्या आवृत्तीत मी फावडं घेऊन उभा होतो. मुद्रितशोधक या नात्याने मी एकदा दुरुस्ती सुचवली. "जावईबापू," ते म्हणाले, "मेला मी होतो की तुम्ही?"

मी हार मानणाऱ्यांतला नाही. मी चिनाराला एक पाटी ठोकली: "कृपया शांतता राखा." अक्षर वळणदार होतं. दुसऱ्या दिवशी पाटीच्या खिळ्यावर पिर्वूंचा कोट लटकत होता. मी पाटी दुसऱ्या झाडावर हलवली. तिथे त्यांनी टोपी लटकवली. एफ्तिमियाबाई जेवणाच्या सुट्टीत येऊ लागल्या होत्या. त्यांनी पाटी वाचून परवानगीची चौकशी केली.

शेवटी एका दुपारी माझा बांध फुटला. "हा बाक मी आणला!" मी ओरडलो. माझ्या आवाजाने पाणकोंबड्या उडाल्या. इतक्या आठवड्यांच्या गोंगाटाने न उडालेल्या पाणकोंबड्या. "माझ्या खांद्यावरून आणला! या जागेचा शोध मी लावला! इथे एक मौन होतं, एक... एक दुर्मीळ..."

"मास्तर," आग्लायाबाई अगदी मायेने म्हणाल्या, "दिलेलं दिलं. बाक आता तुमचा नाही, पारास्कीवाचा आहे. लोकांनी बसू नये असं वाटत असेल तर तिला विचारा."

तेवढ्यात गळ आणि बादली घेऊन एक अनोळखी माणूस आला. पिर्वू सरकले. त्या माणसाने टोपी काढली, "बोग्दाप्रोस्ते," असं पुटपुटला आणि बसला. बाबा गोष्टीच्या ऐन भरात होते, फावड्यापर्यंत आले होते. ते मध्येच थांबले. त्यांनी मान किंचित तळ्याच्या दिशेने लववली, पाण्यापलीकडे कोणीतरी ऐकत असावं तशी. आणि मग गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुन्हा उचलली.

मी तिथेच गवतात बसलो. त्या दुपारी मी पुस्तक उघडलं नाही. नुसतं ऐकत राहिलो. आणखी एक बाई आल्या, तो शब्द म्हणून बसल्या. बाबा थांबले, मान लववली. सायकलवाला एक आला, पुन्हा तेच. त्या सगळ्या कलकलाटात ती लहानशी थांबण्याची जागा येत राहिली. दोन कडव्यांमधल्या कोऱ्या जागेवर दीर्घ निबंध लिहिणाऱ्या माणसाला ती ऐकू यायला इतका वेळ लागला, याबद्दल अधिक काही लिहिणं मला सोसणार नाही.

पाटी मी त्याच संध्याकाळी काढली. खिळा पिर्वूंच्या कोटासाठी राहू दिला.

आणि मग दुमित्रूच्या सणाची पूर्वसंध्या आली. स्मारांदा सकाळपासून काहीतरी पुसत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती.

"तू जाऊन विचार," ती म्हणाली. "गावी जायचं की राहायचं. मला विचारवत नाही. जायचं म्हणाले तर मला जावं लागेल, ओक्ताव. मी बोलून बसलेय."

"माझं ऐकतील?"

"नाही. पण तू विचारलंस म्हणजे विचारलं असं होईल."

तळ्यावर पानगळ झाली होती. चिनार उघडे पडले होते आणि पाणी एकदम मोठं वाटत होतं. बाकाच्या पाठीची एक फळी गेल्या पावसात निखळली होती. आज ती पक्की दिसली. जवळ जाऊन पाहिलं तर ती जाड सुतळीने करकचून बांधलेली होती. गाठ मला ओळखीची वाटली. ईस्टरपासून दाराआडच्या पेटीवर मी तिला रोज येता-जाता ठेचकाळत होतो.

तरीही विचारायला मला पाठवलं होतं, आणि मी विचारणार होतो. मी बाबांना बाजूला, पाण्यात उतरणाऱ्या त्या दगडी पायऱ्यांपाशी बोलावलं. घसा साफ केला.

"बाबा, उद्या दुमित्रू. स्मारांदाने विचारलंय, आणि मीही विचारतोय. गावाकडे परत जायचं, की आमच्याकडे राहायचं? जे असेल ते स्पष्ट सांगा. तुमचा शब्द आम्हाला मान्य आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, असं मला वाटलं. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. दोन्ही हातांत जड पिशव्या घेतलेली एक बाई कुंपणाच्या फळीतून वाकून आत आली होती. ती बाकापर्यंत आली, पिशव्या खाली टाकल्या, हुश्श केलं आणि तो शब्द न उच्चारताच धपकन बसली.

"बाबा?" मी म्हणालो.

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, कोटाची बटणं लावली आणि मला उत्तर न देता तिच्याकडे चालू लागले.